अर्धा गुण

प्रश्न तिसरा, अ: पाण्याचे गुणधर्म लिहा.
बेचाळीस पेपरांत एकच ओळ,
एकाच नळाखाली धरलेल्या बेचाळीस कळशा:
पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असते.
त्रेचाळिसावा पेपर प्रांजली हिवराळेचा:
“पाणी पहिली दहा मिनिटं पिवळं असतं.
गंजाचा वास येतो. आई म्हणते वाहू दे.
मग पांढरं होतं, तेवढ्यात जातं.”

मी फुली मारली.
वीस वर्षांची हाताची सवय,
डोकं मागून आलं
धापा टाकत,
जिना चढून उशिरा आलेल्या पोरासारखं.

दुसऱ्या दिवशी दारूखान्याच्या गल्ल्यांतून बाटल्या आल्या,
अकरा.
पलीकडे जहाज तोडत होते, त्या ठणठणाटात
आम्ही त्या खिडकीत मांडल्या,
चिठ्ठ्या डकवल्या: गल्ली, वेळ, कुणी भरली.
शेवटी माझी. मुलुंड, सातवा मजला.
तिच्यातून बंदरावरची क्रेन
उलटी, पण स्वच्छ दिसत होती.
“बाई, तुमचंच का असं?”

हे पुस्तकात नव्हतं.
बी.एड.लाही नव्हतं.
मी म्हटलं, माहीत नाही.
वर्ग एकदम गप्प.
बाईंना माहीत नसतं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं,
आणि बाईंनीही.

टेमकरसर दारातून डोकावले:
अभ्यासक्रम कुठवर आला?
पाण्यापर्यंत, मी म्हटलं.

पोरं पेटली होती.
वॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं, आजच, मोठ्या अक्षरांत:
अकराच्या अकरा गल्ल्यांत घाण पाणी!
खोटं कशाला बोलू, मलाही तो राग गोड लागला.
तेवढ्यात मागच्या बाकावरून यासीन मुकादम उठला,
जो एरवी हजेरीपुरताच बोलतो.
“माझी बाटली तेलाची होती.
धुतलेली, पण नीट नाही.
आणि समिधाने पाणी पिंपातून घेतलं, नळातून नाही.”
कुणीतरी ओरडलं, ए, तू कुणाच्या बाजूचा रे?
“बाटलीच्या,” तो म्हणाला
आणि खाली बसला.

मग सगळं पुन्हा.
एकसारख्या बाटल्या, राखेने घासून, तीनदा विसळून.
नळ सुटल्या सुटल्या एकदा, दहा मिनिटांनी एकदा.
चिठ्ठ्या पेन्सिलीने, शाई फुटते म्हणून.
अकरांतल्या सहा पिवळ्या निघाल्या.
काहींची तोंडं उतरली, पाच हातचे गेले.
प्रांजली म्हणाली, गेले कुठे,
ते आपले नव्हतेच.
हे सहा आता कुणी खोडून दाखवावेत.

पत्र गेलं. उत्तर नाही.
आवक क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय,
पाळीचा मुलगा फळा पुसताना
तेवढा वळसा घालतो.

राहता राहिले पेपर.
उत्तरसूची बदलायचा मला अधिकार नाही.
फुली खोडली, अर्धा गुण दिला,
आणि स्वतःच्या मोठ्या मनावर खूश होऊन
मधल्या सुट्टीत डबा उघडला.

ती टेबलाशी येऊन उभी.
“बाई, अर्धा का?
पुस्तकात ‘शुद्ध पाणी’ लिहिलंय.
प्रश्नात नुसतंच ‘पाणी’ आहे.
मी आमचं लिहिलं.
बरोबर असेल तर एक द्या, चूक असेल तर शून्य,
पण बाजूला कारण लिहा.
तुम्हीच म्हणता ना, कारणाशिवाय उत्तर पुरं होत नाही.”

घास हातातच राहिला.
समासात तीनदा लिहिलं,
तीनदा खोडलं.
घंटा होऊन गेली.
भाजी गार झाली.
ती अजून उभी आहे,
घाई नाही तिला.