पाथर्डी फाटा ते पाथर्डी फाटा

शोरूमच्या पोराने चावी म्हणून हातावर
एक काळा गुळगुळीत खडा ठेवला.
म्हटलं, हा फिरवायचा कुठे?
फिरवायचा नाही काका, नुसता खिशात ठेवायचा.

बत्तीस वर्षं एसटी चालवली मी.
नाशिक-पेठ, नाशिक-कळवण,
शेवटची चार वर्षं सप्तशृंगीचा घाट.
आणि आज या पांढऱ्या गाडीत ताठ बसलो,
वरची गुंडी लावून,
जणू माझीच तपासणी आहे.
हर्षाली म्हणाली होती, तुम्ही सांगाल तीच घेऊ.
गाडी तिची, पगार तिचा, हप्ता तिचा.
माझं फक्त मत.

सीट आपोआप पुढे सरकली.
कुणी ढकललं म्हणून मी मागे पाहिलं.

मागे प्रणित गांगुर्डे, शोरूमचा, एका दमात बोलत होता:
छत उघडतं, सीटमधून गार हवा येते,
सहा एअरबॅग, कॅमेरे चारी बाजूंना,
समोर काही आलं तर गाडी स्वतःच ब्रेक मारते.
मग ड्रायव्हरने काय करायचं?
तो हसला.
मी विनोद केला नव्हता.

इंदिरानगरच्या बोगद्याशी नेहमीची दाटी.
डावीकडून रिक्षा, उजवीकडून टोमॅटोचा पिकअप,
आणि पुढ्यात मोटारसायकलवर
मागच्याच्या मांडीवर कपाटाचा अख्खा आरसा,
त्यात मी, गाडीसकट.
ओळखायला जरा वेळ लागला.
तेवढ्यात गाडी वाजली, टिंग टिंग.
एक टोला थांब, दोन टोले चल,
हे हाडात मुरलेलं. पाय ॲक्सिलरेटरवर गेलाच.
काका!
आरशापासून वीतभर अंतरावर
गाडी आपणहून थांबली होती.
मान्य. एक मार्क.

उंटवाडीला स्टेअरिंग हातातल्या हातात थरथरलं.
पट्टा ओलांडलात, प्रणित म्हणाला.
कुठला पट्टा?
तो मागच्या कुंभाला रंगवलेला,
आता गाडीलाच दिसतो.

सातपूरला काच वर केली आणि बाहेरचं जग बंद झालं.
एसटीत इंजिन डाव्या कुशीला असायचं,
त्या बाजूचा कान त्यानेच खाल्ला.
घरी हर्षाली डावीकडून बोलली
की मी हो म्हणतो, काहीही असलं तरी.
इथे मात्र तिचा श्वाससुद्धा आला.
सेकंड शिफ्ट साडेबाराला सुटते, ती प्रणितला सांगत होती,
मार्चपासून कंपनीची बस बंद आहे.
स्कूटीवर येते. एक्सलो पॉइंटपर्यंत ठीक असतं.

मार्चपासून.
आता दिवाळी गेली.
मी साडेदहाला झोपतो.
मला वाटायचं, बस सोडते.

अंबडच्या उताराला मी चौथा गिअर शोधत राहिलो
जो या गाडीला नव्हताच.

परत आल्यावर प्रणितने मायलेज सांगायला तोंड उघडलं.
म्हटलं, ते राहू दे. गाडी तळघरात घे.
कुलूप लावल्यावर पुढचे दिवे किती वेळ राहतात?
त्याला माहीत नव्हतं. पुस्तक चाळलं.
तीस सेकंद.

आमचं पार्किंग मागच्या अंगाला.
तिथून जिन्यापर्यंत एक्केचाळीस पावलं,
मधला दिवा कायम गेलेला,
सोसायटीची वर्गणी मात्र वेळेवर.

हर्षालीला म्हटलं, डब्याची पिशवी घे, चाल,
शेवटी पर्समधून किल्ली काढ.
बाबा, लोक बघतायत.
बघू दे.

छत्तिसाव्या पावलाला अंधार झाला.

प्रणित म्हणाला, काका, साठ सेकंदही करता येतात.
मग कर की.
पुन्हा चाल, गं.

ती चालली. मी घड्याळ धरून बसलो.
भिंतीशी पोचली, किल्ली काढली, वळली,
डोळ्यांवर हात धरून म्हणाली, बास ना आता!
दिवे अजून चालू होते.

अभिप्रायाच्या फॉर्मवर पाच चांदण्या होत्या, रंगवायच्या.
मी त्या तशाच ठेवल्या.
बाजूला लिहिलं: साठ.