छाट

तुमचं पत्र पोचलं.
भाचीनं वाचून दाखवलं, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा हळू.

तुम्ही लिहिता, चित्र तपासायला भिंतीवरून उतरवलं,
डाव्या गालाच्या रंगात तपकिरी कण सापडले,
भिंगाखाली पानाच्या चुऱ्यासारखे दिसतात.
घाण असेल तर काढून टाकू का?

ती आइला म्हणून बाई आली होती आमच्या गल्लीत,
निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं.
मी तेव्हा दोरा गुंडाळायच्या वयाची.
आमच्या आईला, तानव्वाला, म्हणाली, तीन दिवस बस नुसती.
आई म्हणाली, नुसती? आणि हजाराचा हिशेब कोण देणार, तुझा बाप?
मास्तरांनी त्यातलं निम्मंच तिला सांगितलं.
तिनं रोजच्या हजार विड्यांची मजुरी मोजून दिली.
आई बसली.
हात बसेनात.
मांडीवर सूप नसताना बोटं पान वळत राहिली,
अंगठ्याचं नख तोंड दुमडत राहिलं.
म्हणून बघा, इरकलीचा काठसुद्धा नीट आलाय
आणि हात तेवढे धूर झाल्यासारखे.
तिला जमले नाहीत असं कुणी लिहिलं असेल
तर ते खोटं.

शेजारच्या दारात बायका तंबाखू चाळत होत्या.
बाईला शिंकांवर शिंका,
आणि आईनं हसू ओठात दाबून धरलेलं.

खाली तुमच्या भाषेत नाव आहे म्हणे, नाइनेन, म्हणजे बाई.
आई असती तर विचारली असती,
न्हाय न्हाय म्हणतंय व्हय गं ते?
इथं पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली
यावरून दगड पडलेत.
तुमच्याकडं तिच्या नावापुढं गाव नाही, राज्य नाही.
तिचं नावही नाही.
कळवते आहे, जमलं तर लिहा.

ती गेली त्याला बावीस वर्षं. छातीनं गेली.
घरात तिचा फोटो नाही,
एक्स-रे आहे.
त्यातही डॉक्टर बोट ठेवून कणच दाखवत होता.

मुकादम रोज संध्याकाळी बंडलं उलगडायचा,
हजारातल्या साठ-सत्तर छाट म्हणून बाजूला टाकायचा,
मग त्याच विकायचा.
आई म्हणायची, छाटीला बी चव तीच असती की.

तर ते कण काढू नका.
राहू देत गालात.
फक्त चित्राला काच नसेल
तर फार जवळ जाऊ नका,
शिंक येईल.