शीतगृह क्रमांक सात

बावीस वर्षं मी खोक्यांवरची अक्षरं वाचतोय.
वाचतोय म्हणजे, बघतोय.
केळी इक्वाडोरची, द्राक्षं चिलीची,
जून लागला की लिंबं अर्जेंटिनाची.
शारजाच्या उन्हातून आत शिरलं
की तेरा अंशांचा गारवा कानशिलांवर बसतो,
आणि त्या गारव्यात ती न कळणारी भाषा
गुमान उभी असते,
एकावर एक, आठ थर.

ती भाषा माझी मुलगी शिकते.
हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सुपरवायझर कुरियाकोस म्हणाला,
नर्सिंगला जागा नव्हती का?

मागच्या बुधवारी विद्यापीठात पालकांना बोलावलं होतं.
स्पॅनिश घेऊन पुढे काय, त्याची माहिती.
वर्गात सहा मुली, एक मुलगा;
समोसे मात्र शंभर माणसांचे.
इस्त्रीचा शर्ट घालून मी पहिल्या रांगेत,
खिशात बॉलपेन, हिशेबाला.
बाई एकेक सांगत गेल्या:
भाषांतर, दुभाषी, विमान कंपन्या, दूतावासातली खिडकी,
शाळेत शिकवणं, आणि ग्रानादात मास्टर्स,
शिष्यवृत्तीसकट. अर्धी.
मी ‘अर्धी’भोवती गोल काढला.
मग हात वर केला: पगार किती?
तहसीन खुर्चीत इतकी खाली सरकली
की नुसती ओढणी दिसत होती.

बाईंनी विचारलं, तुम्ही कुठे असता?
केळ्यांत, म्हटलं.
मग तुमच्याच कंपनीत विचारा, त्या म्हणाल्या,
ग्वायाकिलला फोन कोण करतं.

विचारलं. कोणीच नाही.
कंटेनर अडकला की कुरियाकोस इंग्रजीत ओरडतो,
पलीकडचा त्याच्या भाषेत ओरडतो,
मधल्या मधे वीस पॅलेट पिवळी पडतात.

माझे आजोबा दाभोळचे तांडेल.
बसऱ्यापर्यंत गलबत न्यायचे,
चार बंदरांत चार भाषांचे भाव आणि चार भाषांच्या शिव्या,
कागद एकाचाही नाही.
तहसीनकडे कागद असेल. सही-शिक्क्याचा.
शिव्या अजून शिकवलेल्या नाहीत म्हणते.

शुक्रवारी तिला गोदामात आणलं, दोन स्वेटर घालून.
द्राक्षांच्या खोक्यावर मी बावीस वर्षं ‘फ्रागिल’ वाचत होतो.
फ्राखिल, बाबा. घशातून.
उशीला ते अल्मोहादा म्हणतात, अरबी मखद्दाच तो.
आणि ‘ओखाला’ म्हणजे अल्लाने चाहिलं तर;
आपल्याच बाजूने गेलेला शब्द.
म्हटलं, आपलाच गेलाय ना?
मग परत आणायला एवढी फी कसली?

रात्री ती ग्रानादाचा अर्ज भरत बसली.
मातृभाषा: मराठी. टकाटक लिहून मोकळी.
कायमचा पत्ता, इथे थांबली.
दाभोळला घर आहे, चावी पारकरांकडे.
इथे घर आहे, करार वर्षाचा,
माझा व्हिसा दोन वर्षांचा, तिचा एकाचा.
तिच्या भाषेत म्हणे ‘असणं’ दोन तऱ्हांचं,
एक मुळातलं, एक सध्यापुरतं.
विचारलं, पत्त्याला कुठलं लागतं?
पत्त्याला सध्यापुरतंच, बाबा.
डोंगर कुठे आहे ते सांगायचं, तरी तेच.

डोंगराचं ऐकून बरं वाटलं, का ते माहीत नाही.

म्हटलं, लिही: शीतगृह क्रमांक सात.
तिथे इक्वाडोरहून केळीसुद्धा न चुकता येतात,
एक पत्र येणार नाही?
तिने खरंच लिहिलं.

उरलेल्या अर्ध्याचं अजून घरात बोललो नाही.
नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी किती निघते,
त्याचा हिशेब मांडलाय बॉलपेनने
एका द्राक्षांच्या खोक्यावर,
‘फ्राखिल’च्या खाली.
खोकं वरच्या थरात ठेवलंय.
कुरियाकोसला शिडीवर चढता येत नाही.