उजवी चौकट

झांबरे ग्राफिक्समध्ये लग्नपत्रिका होतात,
केळीच्या खोक्यांची लेबलं, दशक्रियेची कार्डं,
आणि वर्षातून एकदा, पोळा झाला की,
ठाण्याहून मोझेल झिराडकरांचा फोन.

त्यांच्या अंकाचं नाव मी दोन लिप्यांत लावतो.
मराठी डावीकडून येते, हिब्रू उजवीकडून,
मधे दोघींना श्वास घेता येईल
एवढी जागा सोडायची.
पहिल्या वर्षी कॉम्प्युटरनं हिब्रू उलटी ओतली,
शेवटचं अक्षर आधी.
मला काय कळणार? ठळक केलं, सोनेरी केलं.
बाई म्हणाल्या, झांबरे,
तुम्ही आमची पाटी आरशात लावली की हो!

यंदा दरफाळणीच्या सणाचा अंक.
मुखपृष्ठावर भुसावळ हवं, म्हणाल्या.
इंजिन टाकू? केळीचे घड?
"क्वार्टर नंबर सांगते, लिहून घ्या.
दाराचा फोटो. आत जाताना उजवी चौकट.
आणि माणसं नकोत.
तशीही मोजकीच होतो आम्ही."

वडील मेलचे ड्रायव्हर होते त्यांचे.
एकाहत्तरला बदली झाली, तेव्हा
चौकटीवरची मेझुझा काढून
पेटीत, नव्या साडीच्या घडीत ठेवली.

सकाळी सव्वासात. मला आडवा उजेड हवा होता.
समोरून फ्लॅश मारला की खळगा पळून जातो.
रेल्वेच्या हिरव्या रंगाचे किती हात,
मोजून पाहिले पोपड्यांत: सहा, कदाचित सात.
आणि खांद्याच्या उंचीवर
चार बोटं लांब, एक बोट रुंद
अशी एक जागा,
जिथे रंग नंतर आला
आणि तरी भरून आला नाही.

"दाराचा काय फोटो काढू र्‍हायले भाऊ?
पाडनार हायेत का क्वार्टर?"
नजमाबाई तडवी, हात दादरच्या पिठात.
वरचा खिळा जुनाच होता. तिच्या नवऱ्यानं
पकड लावून पाहिली, निघाला नाही,
मग किल्ली अडकवली त्याला.
"काढू का किल्ली?"
ऊन तेवढ्यात चौकटीवर सरकलं.
नको, म्हटलं, हलू नका, सावली पडते.

फोटो पाठवला. बराच वेळ काही नाही.
मग फोन.
"किल्ली कुणाची?"
नजमाबाईंची.
"पुसता येईल?"
येईल. दोन मिनिटांचं काम.
माझा हात माऊसवर होताच.
"थांबा. घरात मुलं आहेत?"
दोन. शाळेतून आली की मोठी हात वर करते,
धाकट्याचा पुरत नाही, तो उडी मारतो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.
"मीही उडीच मारायचे," त्या म्हणाल्या.
"बोटं लागली की बोटांचा मुका घ्यायचा.
नाही लागली तर पुन्हा बाहेर जाऊन
पुन्हा आत यायचं."

किल्ली राहिली.

पण कागद सपाट. सगळा उजेड खरा,
आणि हात फिरवला तर काहीच नाही.
तेव्हा पत्रिकेवरचा गणपती उठवायच्या मशीनवर
साधी एक पट्टी घासून बसवली,
चार बोटं लांब, एक बोट रुंद,
आणि तीनशे चाळीस मुखपृष्ठं
एकेक करून दाबली. रात्रीचे अडीच वाजले.
बिलात लावलं नाही.

अंक पोचले. बाई म्हणाल्या, छान.
मग म्हणाल्या, झांबरे,
आतल्या बाजूला, वर्गणीदारांच्या यादीत,
पेण आणि अलिबागच्या मधे
काहीतरी वर आलंय. छपाईची चूक का?

हो, म्हटलं. मशीन जुनं आहे.

त्या बोलल्या नाहीत.
फोनमधून कागदावर बोट फिरल्याचा आवाज,
वरून खाली,
मग पुन्हा वरून.