खालचा तू बघ

खोक्यावर किंमत अजून चिकटलेली आहे : दोन डॉलर ऐंशी सेंट.
डेल्मरने ते घेतलं तेव्हा तो चौदाचा होता.
मग कापणी आली, मग सैन्य, मग मार्लीस,
मग मार्लीस गेली,
आणि गॅरेजात रंगाच्या डब्यांमागे
दोन टप्प्यांचं रॉकेट
पुठ्ठ्याच्या नळ्यांत तसंच निजून राहिलं.

आता माझ्या भावाचे हात थरथरतात.
कॉफी तो अर्धाच कप घेतो,
वरची रिकामी जागा थरथरीसाठी.
म्हणून वाचायचं त्याने, करायचं मी.

‘पंख कापताना लाकडाची रेघ पुढच्या कडेला समांतर.’
बाल्सा किती हलकं, पापुद्र्यासारखं,
एकोणतीस वर्षं शाळेची बस वळवलेल्या माझ्या हातांना
ते हाती आल्याचंच कळेना. दोन पंख मोडले.
तो काही बोलला नाही. दार उघडून
फळांच्या पेटीची एक फळी शोधू लागला,
मग स्वतःच हसला.
सँडपेपरचा आवाज ऐकत बसायचा डोळे मिटून.
‘डावीकडे अजून जाड आहे.’
असायचंही.

खालच्या मोटरवर शेवटचा आकडा शून्य.
शून्य म्हणजे दम खायचा नाही :
जळता जळता वरच्या मोटरच्या तोंडात
ठिणग्या फुंकायच्या आणि सुटायचं.
तिला छत्री नाही. कोलांट्या खात येते.
वरच्या मोटरवर सात :
विझल्यावरही सात सेकंद
नुसत्या वेगावर चढत राहायचं, मग छत्री.
दोघींना धरून ठेवतो
सेलोटेपचा एक वेढा.
‘एवढंच?’
‘एवढंच. तिथे लिहिलंय, एकच.’

शेवटी, हरवलं तर असू दे म्हणून,
वरच्या नळीवर फोन नंबर त्याने लिहिला.
मला लिहू दिला नाही.
दहा आकड्यांना अकरा मिनिटं लागली.
मी भांडी घासत राहिले, घासलेलीच.

व्हर्नन लोवेनच्या शेतात गहू निघून गेलेला,
बोटभर खुंट उरलेले, कोरडे ठाक.
आम्ही पाण्याच्या दोन बादल्या नेल्या, भिजवलेलं पोतं नेलं.
कॅन्ससमध्ये वारा थांबायची वाट बघणारा
म्हातारा होतो.
आम्ही होतोच, तरी थांबलो.

मान मागे टाकली की डेल्मरचा तोल जातो.
‘वरचा तू बघ,’ तो म्हणाला, ‘खालचा मी बघतो.
दोघांनी एकच बघायचं नाही.’

पहिल्यांदा बटण दाबलं, काहीच नाही.
तारेचा चिमटा निसटला होता.
दुसऱ्यांदा
फडका टरकन फाडावा तसा आवाज,
आणि दांडा रिकामा.
मग वर, विचार करायला मिळावा इतक्या उंचीवर,
आणखी एक छोटा ‘फट्’.
तो ऐकला आणि मी ओरडले,
साठीची बाई, शेतात उभी राहून ओरडले.
पांढरी रेघ उन्हात शिरली.
मी मोजलं. सातनंतरही मोजत राहिले.
डोळ्यांत पाणी, सूर्यामुळे.
छत्री मला दिसलीच नाही.

तो मात्र माझ्याकडे न बघता
हात लांब करून उभा होता,
धान्याच्या उंच कोठाराच्या दिशेने.
हात हलत होता, बोट हलत होतं,
पण तो तसूभर सरकला नाही
मी त्या रेषेत चालत जाईपर्यंत.
ब्याऐंशी पावलं.
खालचा टप्पा खुंटांत पडलेला, कोमट,
एक पंख सैल,
तोंडाशी काजळी.

तो आता खिडकीत आहे, साखरेच्या डब्याशेजारी.
वरच्यासाठी आम्ही तीन रविवार फिरलो,
कुंपणं ओलांडली, व्हर्ननचा कुत्राही सोबत.
फोन अजून आलेला नाही.

डेल्मरचा सात हल्ली एकासारखा दिसतो.
कुणाला सापडलंच असेल, तर ते दुसऱ्याच कुणाच्या
स्वयंपाकघरात घंटी वाजवत असतील,
आणि तिथली बाई हात पुसत म्हणत असेल :
नाही हो, आमचं काही
आभाळातून पडलेलं नाही.