दहा नंबरची फाईल

रविवार, रात्रीचे साडेनऊ. शटर अर्धं ओढलेलं,
तेवढ्यात बाजीराव यलमार वाकून आत आले.
उजवा गाल भाकरीगत टम्म,
त्यावर हळद-चुन्याचा लेप, वाळून पोपडे धरलेला.

सिलिगुडीहून निघाले तेव्हा नुसती ठणक होती.
नागपूर मागं पडलं तशी दाढ लांब झाल्यागत वाटायला लागली,
तोंड मिटलं की आधी तीच टेकायची.
गावच्या जत्रेसाठी आलो, म्हणाले,
आणि रश्श्याचा नुसता वास घेऊन वाटी खाली ठेवली.
मग खुर्चीचे हात घट्ट धरून:
"चिरू नगा बाई.
तापली मूस चिमट्यानं उचलतो रोज,
पन पातं बघवत न्हाई."

विट्यात हे नवं नाही.
सोनं गाळणारे हात माझ्या खुर्चीत येऊन थरथरतात.

मी आधी बघून घेतलं.
जीभ वर करा. गिळा. ताप? श्वास?
एक जरी उत्तर वाकडं आलं असतं
तर याच पावली मिरजेला धाडलं असतं;
हळुवारपणा दाखवायची ती वेळ नसते.

आम्हाला शिकवलं होतं, पू दिसला की वाट द्यायची.
वाट म्हणजे चीर, चिरेवर अंगठा,
आणि दाराबाहेर बसलेल्यांनी ऐकायचं.
माझ्या पहिल्या चिरेला एका बाईनं माझं मनगट पकडलं होतं.
तिची बांगडी फुटली.
ओरखडा गेला कधीच,
मी घड्याळ मात्र अजून त्याच जागी बांधते.

पू साचतो तिथं सुई मुकी होते,
म्हणून भूल दिली लांब, पार मागं,
आणि दहा मिनिटं काहीच केलं नाही.
काहीच न करणं हे बिलात लिहिता येत नाही.
ते छताकडं बघत होते, मी त्यांच्या पायांकडं.
अंगठे वळलेले होते, ते हळूहळू सुटले.

दाढेत जुनी चांदी भरलेली.
दोन बोटांनी दाढ धरून ठेवली,
रडणाऱ्या पोराची हनुवटी धरतात तशी,
म्हणजे ड्रिलचा हादरा मुळाशी पोचू नये.
थोडं कोरलं, थांबले. पाणी. पुन्हा थोडं.
मग दहा नंबरची फाईल,
केसाहून जरा जाड,
तिला ढकलायचं नसतं. ती आपली आपण उतरते.

आणि आलं.
आधी एक थेंब, पिवळट, मग रक्त मिसळलेलं,
मग तो वास, ज्याची मला सतरा वर्षांत सवय झालेली नाही.
मी दाबलं नाही. येऊ दिलं.
बाजीरावांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं.
दुखतंय का विचारलं.
मान हलली: न्हाई.
अडीच दिवसांत पहिल्यांदा न्हाई.

कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन घेतलं,
आणखी थोडं, आणखी थोडं, मग नुसतं पाणी.
"गाळताना बी असंच," ते बधिर ओठानं बोबडं बोलले,
"घाई केली की मूस तडकते, आन् सोनं राखंत जातं."
मी हो म्हणाले नाही.
पातं अजून खालच्या खणात आहे, उकळून, कागदात गुंडाळून.
मागच्या आषाढात नेवरीच्या एका पोरीला लागलंच ते.
वाट देता येत नाही अशाही जागी पू बसतो.

औषध कसं घ्यायचं सांगितलं,
बुधवारी या म्हणून सांगितलं,
गालाला बाहेरून शेक द्यायचा नाही, हे दोनदा सांगितलं.
निघताना ते बेसिनशी वाकले.
ट्रेमध्ये करड्या चांदीचे चार कण पडले होते.
बोटावर घेऊन उजेडात धरले,
सूज विसरून, धंद्याच्या नजरेनं.
"पारा हाय हिच्यात," म्हणाले. "एवढ्यात काय सुटत न्हाई."
आणि तरीही खिशातून कागद काढून
त्याची पुडी बांधायला लागले.
ती मी काढून घेतली.