अंश

नवतपा लागला त्या दिवशी
शहर सेहेचाळीसवर, माझा गुडघा बत्तीसवर.
उईके मॅडमनी कोनमापक लावला,
कंपासपेटीतल्या त्या अर्धगोलाचा थोरला भाऊ असावा तसा,
आणि फायलीत लिहिलं: ३२.
कूलरमध्ये वाळा भिजत होता.
"अजून थोडं."
टाचेखाली संत्रा बर्फीच्या दुकानातली पिशवी,
फरशीवर घसरायला सोपं म्हणून.
मी टाच ओढली.
चौतीस.
डोळ्यांत आलं त्याला घाम म्हणू.

कुणी ढकललं नव्हतं.
हे सांगून सांगून थकले.
शेजारच्या काकू, अजनीचा मामा, कॉलेजचे पी.टी. सर,
सगळ्यांना एक नाव हवं असतं.
बसलेल्या दोघींच्या मधून हुलकावणी देऊन वळत होते,
पाय तिथेच राहिला आणि मी वळले.
वाळलेली शेंग फुटावी तसा आवाज.
मागची पोट्टी तीन हात लांब होती.
तिने येऊन आधी हात लावला, मला बाद केलं,
मग पाणी आणायला पळाली.

मांडीच्या मागची शीर काढून
आता गुडघ्यात दोरीसारखी बसवलीय, दोन स्क्रूंनी.
मला वाटलं होतं, वाकवणं अवघड.
मॅडम म्हणतात, आधी सरळ. आधी शून्य.
गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी,
ती दाबायची, मांडी आवळायची, दहा मोजायचे.
मांडी ऐकत नाही.
तिला हाक मारावी तर नाव नाही.
आई शेजारी तांदूळ निवडत माझ्यासाठी मोजते,
सातवर थांबते, "दुखते का वं?" विचारते,
आणि परत एकपासून.
माझे दहा कधी सतरा होतात, कधी चोवीस.

नागपूर शून्यावर कधी जात नाही.
मी गेले, अकरा जूनला,
दुपारी, लाइट गेलेली असताना.

जुलैत शहर तीस, मी एकशे दहा.
जुन्या ओढणीत बांधलेलं किलोभर मीठ घोट्याला,
पाय वर, थांब, खाली.
दुखणं गेलं होतं.
जिना उतरताना मी कठडा सोडला.
घरात कुणी पाहिलं नाही, मॅडमना मात्र चालीवरूनच कळलं.
"बरं वाटते ना? त्याचीच भीती वाटते मला.
या दिवसांत आतली दोरी सगळ्यात कच्ची असते.
जुनं मेलेलं, नव्यानं अजून धरलेलं नाही."
मला कसं कळणार मग?
"नाही कळणार," त्या म्हणाल्या,
आणि ओढणीतलं मीठ अर्धा किलो कमी केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर
एका पायावर उभी, डोळे मिटून, तीस सेकंद.
खालून पिवळी मारबत निघालेली,
ढोल, गर्दी, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"
आई कठड्यावरून वाकली, आपली भर घातली:
"अन् पोरीचा गुडघा बी घेऊन जा गे!"
"गुडघा नको, आई! दुखणं म्हण, दुखणं!"
डोळे उघडले, तोल गेला.
सव्वीस सेकंद.

जानेवारी. रेशीमबागेत सकाळी नऊ अंश.
फक्त बसायची परवानगी, पळायची नाही.
चौथ्या चौकोनात बसले मी,
एकशे अठ्ठावीसवर, ओल्या मातीत.
माझ्या जागी आता तेजल बारापात्रे पळते.
चांगली पळते. माझ्याहून वळते आखूड.
माझ्या पाठीमागून जाताना
सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "खो!"

मी उठले.
हात मातीला टेकून, बाळंतिणीसारखी,
एकेक अंश मोजत शून्यापर्यंत.
तेजल थांबली, जीभ चावली. "सॉरी वं. तोंडातून गेलं."
असू दे म्हटलं. उठलेच तर फक्त.

थंडीत आधी स्क्रू गार होतात.
ते अंश फायलीत कुठे लिहायचे,
मॅडमना विचारायचं राहून गेलं.